न दुखणाऱ्या पायाची चप्पल

१९९८ सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. संध्याकाळी अण्णा वखारीतून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत ते दिवाणजी होते. वखार ते घर हे अंतर चांगले पाऊण मैल भरेल. आईने उंबऱ्यातच विचारले, "एक चप्पल कुठं टाकून आलात?" अण्णांनी खाली पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य खरे होते. डाव्या पायातली चप्पल केव्हा निसटली, कुठे निसटली, याचा त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही सारे हसलो. धाकट्या भावाला बॅटरी देऊन पाठवले, तेव्हा ती मारुतीच्या देवळाच्या वळणावर सापडली. रात्री आईला चादरीवर रक्त दिसले. तळव्यात बाभळीचा काटा बोटाच्या पेराएवढा आत गेला होता. त्या काट्यानिशी अण्णा चालत आले होते, मांडी घालून जेवले होते, पोथीचा अध्याय वाचून झोपले होते.

आम्ही हसलो होतो, हे इतक्या वर्षांनंतरही विसरता येत नाही.

इतिहासाच्या शिक्षकाकडे दिवाळी अंकासाठी लेख मागितला की संपादकांच्या मनात कित्तूरचा किल्ला किंवा पटवर्धनांची संस्थाने असणार. यंदा त्यांनी एका चपलेचा इतिहास गोड मानून घ्यावा. राजेरजवाड्यांपेक्षा हा इतिहास माझ्या घरात अधिक खोल शिरलेला आहे.

अण्णांना मधुमेह होऊन तेव्हा दहा-बारा वर्षे झाली होती. पायांना मुंग्या येतात, ही त्यांची तक्रार जुनीच. आमच्या कानडी शेजारीणबाई त्याला 'जोमु' म्हणत आणि तिळाचे तेल चोळायला सांगत. पुढे मुंग्या थांबल्या आणि आम्हाला वाटले, तेलाने गुण आला. खरे तर पायाने सांगणेच बंद केले होते. काट्याची जखम महिन्याभरात भरेना, तेव्हा त्यांना मिरजेच्या एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नायलॉनचा एक दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. "दिवाणजी, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा." दोरा वाकेपर्यंत टेकवला तरी अण्णा गप्प. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. दहा ठिकाणांपैकी दोनच ठिकाणी ते 'हो' म्हणाले. त्यांतले एक 'हो' चुकीच्या वेळी आले होते.

डॉक्टरांनी जखम साफ केली आणि म्हणाले, "कोल्हापुरी बंद. एम.सी.आर.ची चप्पल घ्या. कुष्ठरोग दवाखान्याच्या कार्यशाळेत मिळते, मी चिठ्ठी देतो."

अण्णांनी चिठ्ठी घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर येताच फाडली. "रगतपितीवाल्यांची चप्पल मी घालू? उद्या बाजारात विचारतील, दिवाणजींना झालंय काय म्हणून."

त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ती चप्पल आम्हीही पाहिलेली होती. माझ्या लहानपणी, १९७५ ते ८० च्या सुमारास, बाजाराच्या दिवशी गावकुसाबाहेरच्या वसाहतीतले चारपाच जण येत. गळ्यात पत्र्याचा डबा, हाताला चिंध्या आणि पायात ती चप्पल. खाली टायरचा तळ, वर करड्या-काळ्या स्पंजासारखा जाड थर, मागे टाचेला पट्टा. माणसाचा चेहरा पाहण्याआधी आम्ही पोरे ती चप्पल ओळखत असू आणि बाजूला सरत असू. 'महारोग' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही, असा आजीचा दंडक होता. औषध म्हणून, सोय म्हणून कुणी शोधून काढलेली वस्तू आमच्या लेखी त्या लोकांच्या गळ्यातली घंटा झाली होती.

ती कुणी, कुठे, कशासाठी शोधली, हे मला अण्णा गेल्यावर कळले. डॉ. पॉल ब्रँड यांनी फिलिप यान्सी यांच्यासमवेत १९९३ साली लिहिलेले वेदनेवरचे पुस्तक हाती आले, तिथून मी मागे मागे शोधत गेलो.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि डॉक्टर होण्याआधी काही वर्षे बांधकामाचे, सुतारकीचे काम शिकले. पुढच्या कहाणीत ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शरीराकडे पाहताना त्यांनी सुताराचा डोळा कधी सोडला नाही. भार कुठे येतो, झीज कुठे होते, हे ते आधी पाहत. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायला आले. पुढच्या वर्षी मद्रासजवळच्या चेंगलपेट येथील कुष्ठधामात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्या भेटीला गेले असता त्यांना वाकडी झालेली, झिजलेली हातपायांची बोटे दिसली. इतक्या हातांकडे आजवर एकाही अस्थिशल्यविशारदाने का पाहिले नाही, हा प्रश्न घेऊन ते परतले.

त्या काळी सर्वत्र, डॉक्टरांतसुद्धा, समजूत अशी की या रोगात मांस आपोआप सडते आणि बोटे गळून पडतात. कुष्ठजंतू हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ सालीच दाखवून दिला होता. पण जंतू नेमके काय करतो, याचा हिशेब कुणी पुरा मांडला नव्हता. ब्रँड यांनी तो मांडला. एकदा एका कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका रुग्ण मुलाने किल्ली त्यांच्या हातून घेऊन सहज फिरवली. ब्रँड यांना त्याच्या ताकदीचे नवल वाटले. मग जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला ते कळलेही नव्हते. काही रुग्णांच्या बोटांची टोके सकाळी उठल्यावर नाहीशी झालेली असत. रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसले की उंदीर येऊन कुरतडतात आणि झोपलेला माणूस हात आखडून घेत नाही. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधाबरोबर मांजरही देऊ लागले. मांजर हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणे औषध वाटते.

निष्कर्ष साधा होता. रोग मज्जातंतू मारतो आणि मग दुखणे थांबते. दुखणे थांबलेला माणूस रोजच्या कामात स्वतःच स्वतःला मोडत जातो. मांस सडके नाही, तेही तुमच्याआमच्यासारखेच भरून येते. जखमी पाय प्लास्टरमध्ये बंद करून ठेवला तर वर्षानुवर्षांच्या जखमा भरून येत, एवढ्यानेच ते सिद्ध झाले.

पण प्लास्टर किती दिवस घालणार? माणसाला चालावे तर लागणारच. शाळेच्या विज्ञानात आम्ही शिकवतो की दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. निरोगी माणूस लांब चालला की पाय हुळहुळू लागतो आणि तो नकळत पाऊल थोडे वेगळे टाकतो, भार दुसऱ्या बाजूला देतो. ज्याचा पाय बोलत नाही तो पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच जागेवर तेवढाच भार देत राहतो. त्यातून पायातले लहान स्नायू लुळे पडले की बोटे आखडतात आणि सारे वजन बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांवर येते. तिथे आधी घट्टा पडतो, त्याखाली जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते.

वेल्लोर आणि पुढे १९५५ साली जवळच करिगिरी येथे उभे राहिलेले कुष्ठरोग संशोधन केंद्र, या दोन ठिकाणी मग चपलांचे प्रयोग सुरू झाले. खालून गोलसर, नावेच्या तळासारखे लाकडी तळवे करून पाहिले, निरनिराळे रबर पाहिले. शेवटी जमले ते मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजेच एम.सी.आर. या रबरात हवेचे असंख्य बारीक बंद कप्पे असतात. कठीणपणा मोजण्याच्या शोअर मापावर ते पंधराच्या आसपास भरते. अंगठ्याने दाबले तर दबते, सोडले की पुन्हा वर येते. नेहमीची रबरी स्लीपर याहून बरीच कडक. असा थर पायाखाली असला की तळव्याचा आकार त्यात बसतो आणि भार एका हाडाच्या टोकाऐवजी साऱ्या तळव्यावर पसरतो.

त्या चपलेची एकेक गोष्ट विचार करून ठरवलेली आहे. मऊ थरातून काटा, काच आरपार जाऊ नये म्हणून खाली टणक तळ. खिळा एकही नाही, कारण वर आलेला खिळा घालणाऱ्याला कधीच कळणार नाही. अंगठ्याची वादी नाही, कारण बधिर आणि लुळ्या बोटांना वादी धरून ठेवता येत नाही. टाचेमागे पट्टा, म्हणजे चप्पल निसटणार नाही. मारुतीच्या देवळाच्या वळणावरची ती चप्पल मला हे वाचताना आठवली.

आता आपल्या सीमाभागाची चप्पल घ्या. अथणी, निपाणी, मदभावी इथे ती पिढ्यान्‌पिढ्या बनते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने शिवलेले, तिलाही खिळा नाही. २०१९ साली महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आठ जिल्ह्यांचे दोन्ही राज्यांना एकाच वेळी पटलेले असे दुसरे काही मला चटकन आठवत नाही! २०२५ साली मिलानच्या फॅशनच्या मांडवात प्राडा कंपनीने तसल्याच चपला स्वतःच्या म्हणून मिरवल्या, तेव्हा आमच्याकडे केवढा गहजब झाला. तो झाला ते योग्यच. पण खरे सांगायचे तर शाबूत पायासाठी ती चप्पल उत्तम आणि मुक्या पायासाठी वाईट. तळ कडक, अंगठा घट्ट, आणि नवी असताना चावणार ती हमखास. चावली तर आपण काढून ठेवतो. अण्णांनी दर दिवाळीला नवी करकरणारी जोडी घातली आणि ती चावते आहे असे त्यांना शेवटची काही वर्षे कधी वाटलेच नाही.

हे काम आपल्या मराठी मुलखाला परके नव्हते. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरेशास्त्री या संस्कृत पंडितांची स्वतःच्या हाताने शुश्रूषा केली, ती या रोगातच. १९४६ साली अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन सुरू झाले, १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले आणि त्याच सुमारास वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. १९५५ साली केंद्र सरकारचा कुष्ठरोग नियंत्रणाचा कार्यक्रम आला. बधिर पायाच्या रुग्णाला एम.सी.आर.ची चप्पल फुकट मिळू लागली ती अशा कार्यक्रमांतून. म्हणजे आमच्या बाजारातल्या त्या चारपाच जणांच्या पायात शास्त्राने दिलेली चांगल्यात चांगली चप्पल होती. बाजूला सरणारे आम्ही अनवाणी होतो.

ब्रँड १९६६ साली भारत सोडून अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांना मधुमेहाचे रुग्ण भेटले. तळव्यावर त्याच जागी त्याच जखमा, आणि डॉक्टर म्हणत की साखरेमुळे मांस सडते, ते भरणार नाही. वीस वर्षांपूर्वी चेंगलपेटला ऐकलेलेच वाक्य, फक्त रोगाचे नाव बदललेले. मधुमेहात रक्तपुरवठाही अनेकदा कमी होतो, त्यामुळे प्रश्न अधिक बिकट असतो हे खरे. पण पुष्कळ पायांचा नाश त्याच मुकेपणाने होत होता. प्लास्टर, मऊ तळ, रोज रात्री पाय तपासणे, ही वेल्लोरची शिकवण मग मधुमेहींच्या दवाखान्यांत गेली. तो नायलॉनचा दोराही तसाच. दहा ग्रॅम भाराला वाकणारा दोरा ज्याला जाणवत नाही त्याच्या पायाला धोका आहे, हे १९८६ साली कारव्हिलमधूनच प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी तपासलेल्यांत कुष्ठरुग्ण होते, मधुमेहीही होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांच्या तळव्यावर टेकवलेला दोरा तिथून आलेला होता. ज्यांना आम्ही बाजारात वाट सोडून देत होतो त्यांच्या पायांवर शिकलेली विद्या आमच्या दिवाणजींच्या कामी येत होती आणि दिवाणजींनी तिची चिठ्ठी फाडून टाकली होती.

डाव्या पायाची जखम कधी भरे, कधी पुन्हा उघडे. मांडी घालून भजनाला बसल्याने घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दुसरी झाली. २००१ सालच्या श्रावणात पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. पुढल्या वर्षी एका शिबिरात त्यांना जयपूर फूट मिळाला. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरला घडवलेल्या या पायाची कीर्ती घरोघर आहे, सेठींना त्यासाठी १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अण्णाही त्यावर खूश होते. त्या पायावर चप्पल घालता येई, घरात अनवाणी फिरता येई.

तीनेक वर्षांनी तो झिजला आणि बदलायला गेलो. तंत्रज्ञाच्या टेबलावर उभा चिरलेला एक जुना पाय शिकाऊ मुलांना दाखवण्यासाठी ठेवला होता. घोट्याच्या जागी लाकूड, टाचेच्या आणि चवड्याच्या जागी स्पंजासारखे ठोकळे. अण्णांनी अंगठ्याने ठोकळा दाबला. तो दबला आणि वर आला.

"हे काय घातलंय?"

"एम.सी.आर., बाबा. एक जातीचं रबर आहे."

निपाणी येईपर्यंत अण्णा गाडीत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "त्या स्टँडजवळच्या चांभाराला बोलाव. उजव्याचं माप घेऊ दे."

तो कारागीर अथणीकडचा. मापासाठी त्याने अण्णांचा पाय मांडीवर घेतला, तळव्यावरून सावकाश हात फिरवला आणि बोटांच्या मुळाशी थांबला. "मास्तर, इथं भार येतोय," असे म्हणून त्याने खडूने खूण केली. एवढी जाण याला कुठली, म्हणून मी विचारले. तरुणपणी एका कुष्ठरोग दवाखान्याच्या कार्यशाळेत त्याने चार वर्षे काम केले होते. हे त्याने गावात कुणाला सांगितले नव्हते, गिऱ्हाईक तुटले असते. माझ्या तोंडावर बहुधा काही दिसले असावे. तो म्हणाला, "इब्बर कालू वंदऽ अदाव री." दोघांचे पाय एकच आहेत.

आणि आता जे लिहायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला ते लिहितो. अण्णांना आता काही लपवायचे नव्हते, लपवायचे मला होते. त्या वर्षी धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू होते. पाहुणे येणार, उंबऱ्याशी त्या चपला दिसणार. मी कारागिराला बाजूला घेऊन सांगितले की बाहेरून रबर दिसता कामा नये, कडेने आणि वरून कातडे चढव, वर कोल्हापुरीसारखा रुंद पट्टा घाल, गोंडाही लाव. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि "बरं मास्तर" म्हणाला. एम.ए.ला इतिहास घेऊन वर्गात समतेचे धडे शिकवणारा मी! हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते, ते २०१९ साली काढले गेले. रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा तर २०१६ साली रद्द झाला. बहुविध औषधांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सांगितला, त्याने रोग पुरता बरा होतो. ही सारी सनावळी मी आज धडाधडा सांगू शकतो. तेव्हा त्यातली निम्मी घडून गेलेली होती आणि मी गोंडा लावायला सांगत होतो.

अण्णांनी ती चप्पल पाहिली, गोंड्याला हात लावला. "हे कशाला?" एवढेच विचारले. मी म्हटले, "शोभा म्हणून." बहिणीचे लग्न त्याच वर्षी झाले. अण्णा २००९ साली गेले, हृदयविकाराने. उजव्या पायावर शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही. आई रोज रात्री त्यांचा तळवा आरशात पाहत असे.

मला स्वतःला मधुमेह निघून आता सहा वर्षे झाली. आई आता माझाही पाय पाहायला मागते, ते मला अवघड वाटते, म्हणून आरसा मीच घेतो. गेल्या दिवाळीत बेळगावात चप्पल घ्यायला गेलो. काचेच्या कपाटात 'डायबेटिक' म्हणून रंगीबेरंगी जोड्या मांडल्या होत्या, निळ्या, तपकिरी, मरून. दुकानातला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. वाकून पाया पडला, खुर्ची दिली.

"सर, ही घ्या. आत एम.सी.आर. आहे. फॉरेनची टेक्नॉलॉजी."

"फॉरेनची नाही रे," मी म्हटले, "वेल्लोरची."

तो पुठ्ठ्याचा खोका उघडता उघडता थांबला. "वेल्लोर कुठल्या देशात येतं, सर?"

त्याला भूगोल मीच शिकवला होता.